तळहातावरची आगगाडी

प्रस्तावना

लहानपणी आगगाडी पाहण्यासाठी फाटकाशी थांबला नाही, असा माणूस विरळाच. शिटी ऐकू येते, रूळ थरथरतात, डबे एकामागून एक सरकत जातात आणि मग फाटक उघडते. बहुतेक जण आपापल्या वाटेने निघून जातात. काही जणांच्या मनातून मात्र ती गाडी जात नाही. ही माणसे मोठी होतात, नोकरीधंद्याला लागतात आणि एके दिवशी घरातल्या फळीवर बोटाएवढ्या रुंदीचे रूळ मांडून तीच गाडी पुन्हा चालवू पाहतात. या छंदाला प्रतिकृती रेल्वेचा छंद म्हणतात.

वरवर पाहता हा मुलांचा खेळ वाटतो. परंतु त्यात गणित आहे, सुतारकाम आहे, विजेचे ज्ञान आहे, चित्रकला आहे आणि इतिहासही आहे. रायपूर ते धमतरी या जुन्या छोट्या रेल्वेमार्गाचे उदाहरण समोर ठेवून या छंदाची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• खेळण्यातली गाडी आणि प्रतिकृती यांतील फरक सांगणे;
• 'प्रमाण' या कल्पनेचा व्यवहारात उपयोग करणे;
• एका छंदात एकत्र येणाऱ्या निरनिराळ्या कौशल्यांचा परिचय करून देणे;
• आपल्या परिसरातील लोप पावणाऱ्या गोष्टींची नोंद कशी ठेवावी, याविषयी विचार मांडणे.

मूळ पाठ

1. एक मार्ग होता

रायपूर आज छत्तीसगड राज्याची राजधानी आहे. 2000 साली हे राज्य अस्तित्वात आले. 2003 साली बिलासपूर येथे मुख्यालय असलेली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे सुरू झाली. मुंबईहून हावड्याकडे जाणारा मोठा लोहमार्ग याच शहरातून जातो. पण रायपूरच्या जुन्या पिढीला जिव्हाळा होता तो दुसऱ्याच एका मार्गाचा. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूरहून धमतरीपर्यंत एक अरुंद मार्ग बांधला. वाटेतील अभनपूर स्थानकापासून त्याची एक शाखा राजिमला जात असे. धमतरी ही धानाची आणि जंगलमालाची बाजारपेठ, तर राजिम हे महानदीच्या काठचे तीर्थक्षेत्र. त्यामुळे या गाडीत बाजारकरूही असत आणि यात्रेकरूही असत.

या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर होते केवळ 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या मार्गावर हेच अंतर 1676 मिलिमीटर असते. लहान इंजिन, लहान डबे आणि बेताचा वेग. रस्त्यावरची मोटार त्या गाडीला सहज मागे टाकी. 2017 साली रायपूर ते केंद्री हा भाग बंद झाला आणि पुढे त्या जागेवर मोटारींसाठी द्रुतगती मार्ग उभा राहिला. अभनपूरकडे जाणारा नवा मोठा मार्ग नव्या रायपूरच्या बाजूने बांधण्यात आला आणि मार्च 2025 मध्ये त्यावरून प्रवासी गाडी सुरू झाली.

हा बदल आवश्यक होता, याविषयी दुमत नाही. मोठ्या मार्गावरून अधिक माणसे, अधिक माल आणि अधिक वेगाने नेता येतो. परंतु जुने रूळ उचलले जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर पुष्कळ गोष्टी जातात. फलाटाची उंची किती होती, पाण्याची टाकी कोणत्या बाजूला होती, सांधे बदलण्याचा दांडा कुठे होता, हे सांगणारी माणसे हळूहळू कमी होतात. इंजिन संग्रहालयात ठेवता येते. नागपूरच्या मोतीबाग येथे 2002 साली सुरू झालेल्या नॅरोगेज संग्रहालयात अशी इंजिने व डबे जपलेले आहेत. पण सबंध स्थानक, त्याच्या मागचे तळे, बांधावरची बाभळीची झाडे आणि गाडीची वाट पाहणारी माणसे संग्रहालयात कशी ठेवणार? त्यांना जपण्याचा एक मार्ग म्हणजे प्रतिकृती.

2. खेळणे आणि प्रतिकृती

आगगाडीची खेळणी जुनीच आहेत. जर्मनीतील मेर्कलिन या कंपनीने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत किल्लीवर चालणारी गाडी मांडली. तिचे वैशिष्ट्य असे, की तिच्या रुळांचे तुकडे ठरावीक मापाचे होते. नवे तुकडे विकत घेऊन जुन्यांना जोडता येत. खेळणे एकदाच घेऊन संपत नसे, ते वाढत जाई. येथूनच पुढे छंदाचा जन्म झाला.

खेळणे आणि प्रतिकृती यांतला फरक थोडक्यात सांगता येतो. खेळण्यातली गाडी 'गाडीसारखी' असली की पुरे. प्रतिकृतीला एका विशिष्ट गाडीशी इमान राखावे लागते. तिची चाके किती, खिडक्या किती, रंग कोणता, हे सर्व मूळ गाडीप्रमाणे असावे लागते. आणि सर्व भाग सारख्याच पटीने लहान करावे लागतात.

आपल्याकडे हा छंद पाहायचा, तर पुण्याला जावे. कोथरूड भागात कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय 1998 साली लोकांसाठी खुले झाले. उपकरणांच्या व्यवसायातील या गृहस्थाने आपल्या छंदापायी एक सबंध लहानसे शहरच वसवले. त्यात रूळ, सिग्नल, पूल, दिवे, रस्ते आणि निरनिराळ्या प्रकारच्या गाड्या आहेत. जर्मनीतील हँबुर्ग शहरात फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी 2001 साली सुरू केलेले 'मिनिआटुर वुंडरलँड' तर जगातील सर्वांत मोठ्या प्रतिकृती रेल्वेसाठी प्रसिद्ध आहे. मात्र या छंदासाठी एवढी मोठी जागा लागत नाही. भिंतीला लागून एक फळी बसली, तरी आरंभ होतो.

पाठगत प्रश्न 1
(अ) रायपूर-धमतरी मार्गाची शाखा कोणत्या स्थानकापासून फुटत असे?
(आ) मेर्कलिनच्या 1891 सालच्या गाडीचे वैशिष्ट्य कोणते?
(इ) खेळणे आणि प्रतिकृती यांत मुख्य फरक कोणता?

3. गणित : सत्त्याऐंशीने भागा

समजा, रायपूरच्या तात्यापारा भागात राहणाऱ्या एखाद्या वाचकाने अभनपूरचे जुने स्थानक फळीवर उभे करायचे ठरवले. त्याचा पहिला प्रश्न असेल : किती लहान करायचे?

जगात सर्वाधिक प्रचलित प्रमाण आहे 1 : 87. याला 'एचओ' असे म्हणतात. म्हणजे मूळ वस्तूची प्रत्येक लांबी 87 ने भागायची. मोठ्या मार्गावरील जुन्या पद्धतीच्या प्रवासी डब्याची लांबी सुमारे 21.3 मीटर असते, ती 24.5 सेंटिमीटर होते. दोन मीटर उंचीचा दरवाजा 2.3 सेंटिमीटरचा होतो. साडेपाच फूट उंचीचा माणूस दोन सेंटिमीटरहूनही किंचित लहान होतो. ज्यांच्या घरी जागा आणखी कमी असते, ते 1 : 160 हे 'एन' नावाचे प्रमाण पसंत करतात.

आता रुळांकडे वळू. बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांतील अंतर 16.5 मिलिमीटर असते. त्याला 87 ने गुणले की 1435 मिलिमीटर येतात. हे माप युरोप-अमेरिकेतील मार्गांचे आहे. आपला मोठा मार्ग 1676 मिलिमीटरचा. त्याला 87 ने भागले की 19.3 मिलिमीटर येतात. म्हणजे तयार रुळांवर भारतीय मोठ्या मार्गाची गाडी उभी केली, तर तिच्याखालचे रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पडतात. भारतीय छंदवेत्त्याला येथे निवड करावी लागते : तडजोड करावी, की स्वतः रूळ तयार करावेत?

छोट्या मार्गाचे नशीब मात्र चांगले आहे. 762 ला 87 ने भागून पाहा. उत्तर 8.76 येते. 'एन' प्रमाणासाठी तयार होणाऱ्या रुळांतील अंतर 9 मिलिमीटर असते. फरक पाव मिलिमीटरचाही नाही. तेव्हा धमतरीची गाडी 1 : 87 या प्रमाणात केली, तर तिला बाजारातले रूळ जवळजवळ तंतोतंत लागू पडतात.

वळणांची गोष्टही अशीच आहे. भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार मोठ्या मार्गावरील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या सुमारे 175 मीटर असते. 87 ने भागल्यावर ती दोन मीटर होते. म्हणजे पूर्ण वर्तुळ काढायचे, तर चार मीटर रुंदीची खोली हवी! नॅरोगेजसाठी मात्र 44 मीटर त्रिज्येचे वळण चालते. प्रतिकृतीत ती अर्ध्या मीटरच्या आसपास येते. खऱ्या जगात ज्या कारणासाठी डोंगराळ किंवा कमी खर्चाच्या मार्गांवर छोटे रूळ घातले गेले, त्याच कारणासाठी ते आपल्या लहान घरातही सामावतात.

वेगसुद्धा प्रमाणात असावा लागतो. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सव्वाआठ मीटर जाते. 87 ने भागले की साडेनऊ सेंटिमीटर येतात. म्हणजे प्रतिकृतीने दर सेकंदाला साधारण वीतभराच्या निम्मे अंतर कापले पाहिजे. नवशिका याच्या चौपट वेगाने गाडी पळवतो आणि ती लगेच खेळण्यासारखी दिसू लागते. गाडी हळू चालवणे हे या छंदातले पहिले शहाणपण आहे.

एका ठिकाणी मात्र गणितालाही नमते घ्यावे लागते. एक किलोमीटर अंतर 87 ने भागले तरी साडेअकरा मीटर उरते. अभनपूर ते राजिम हे सारे अंतर प्रमाणात दाखवायचे, तर घरे ओलांडून जावे लागेल. म्हणून स्थानके आणि इमारती प्रमाणात ठेवतात, पण त्यांमधील अंतर आखडते घेतात. काय ठेवावे आणि काय गाळावे, हे ठरवताना लेखकासारखाच विवेक लागतो.

4. सुताराचा हात

प्रमाण ठरले की पाया घालायचा. पाया म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्यावर प्लायवुडची फळी. चौकटीचे कोपरे काटकोनात नसतील, किंवा पावसाळ्यात फळी फुगून वर आली, तर गाडी रुळांवरून घसरते. दोन फळ्यांच्या सांध्यावर अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला, तरी तो चाकांना जाणवतो. खऱ्या रेल्वेमार्गावर गँगमन रोज रूळ पाहत चालतो, त्याचे कारण अशा वेळी नीट उमगते.

एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी नेणारा सांधा हा सर्वांत नाजूक भाग होय. त्याच्या निमुळत्या पात्या मुख्य रुळाला पूर्ण चिकटल्या पाहिजेत. तेथे वाळूचा एक कण अडकला, तरी गाडी थांबते.

चढाचा हिशेबही फळीवरच शिकावा लागतो. एका मार्गावरून दुसरा मार्ग पुलाने न्यायचा असेल, तर सुमारे आठ सेंटिमीटर उंची लागते. 40 ला 1 असा चढ ठेवला, तर ही उंची गाठण्यासाठी 320 सेंटिमीटर लांबीचा रूळ हवा. घाई करून चढ तीव्र केला, तर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरतात. घाटातल्या गाडीला मागून दुसरे इंजिन का लावतात, हे मग कोणी समजावून सांगावे लागत नाही.

5. विजेची वाट

बहुतेक प्रतिकृती गाड्या सुमारे 12 व्होल्ट दाबाच्या विजेवर चालतात. वीज एका रुळातून येते, चाकांवाटे इंजिनातील मोटारीत जाते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. म्हणून डाव्या व उजव्या बाजूच्या चाकांचा एकमेकांशी विद्युतसंबंध येऊ द्यायचा नसतो. विजेचे ध्रुव उलटे केले की मोटार उलटी फिरते आणि गाडी मागे जाते. येथे एक खबरदारी नेहमीच घ्यावी : भिंतीतील 230 व्होल्टची वीज रुळांजवळ आणू नये, त्यासाठी बाजारात मिळणारे खात्रीचे अॅडॉप्टरच वापरावे.

या साध्या मांडणीतून एक गमतीदार कोडे निर्माण होते. गाडीने वळसा घेऊन पुन्हा आपल्याच रुळावर यावे, असा फास तुम्ही मांडला, तर काय होईल? कागदावर दोन रेघा ओढून पाहा. वळसा पूर्ण होताच डावा रूळ जाऊन उजव्या रुळाला मिळतो. धन आणि ऋण ध्रुव एकत्र येतात आणि शॉर्ट सर्किट होते. यावर उपाय असा : फासातले रूळ दोन्ही टोकांना किंचित कापून वेगळे करायचे आणि त्या तुकड्याचे ध्रुव बदलण्यासाठी स्वतंत्र बटण बसवायचे. गाडी फासात असताना बटण फिरवून ध्रुव जुळवले, की ती सुखरूप बाहेर येते.

बिघाड शोधणे ही तर या छंदातील खरी शाळा आहे. गाडी एका ठिकाणी अडखळते. दोष इंजिनात आहे, की रुळात? दुसरे इंजिन चालवून पाहावे. तेही अडखळले, तर दोष रुळात. मग रुळावर धूळ आहे, जोड सैल आहे, की तार तुटली आहे? एक एक शक्यता तपासायची आणि बाद करायची. जो हे शांतपणे करू शकतो, त्याला घरातला पंखा किंवा कारखान्यातले यंत्र तपासतानाही हीच पद्धत कामी येते.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 1946 साली विद्यार्थ्यांचे एक प्रतिकृती रेल्वे मंडळ स्थापन झाले. त्या विद्यार्थ्यांनी टेलिफोन यंत्रणेतील जुने भाग वापरून सांधे आणि सिग्नल चालवण्याची गुंतागुंतीची व्यवस्था उभारली. पुढे त्यांपैकी काही जण संस्थेतल्या संगणकांकडे वळले आणि संगणकाच्या जगातील आरंभीच्या कुशल कार्यकर्त्यांत त्यांची गणना झाली. खेळता खेळता लागलेली विचारांची शिस्त कोठे नेईल, हे सांगता येत नाही.

पाठगत प्रश्न 2
(अ) 762 मिलिमीटर अंतराचा मार्ग 1 : 87 प्रमाणात करण्यासाठी कोणते तयार रूळ चालतात?
(आ) फासाच्या मांडणीत शॉर्ट सर्किट का होते?

6. चित्रकाराचा डोळा

रूळ चालते झाले, की फळी अजून उघडीच असते. आता तिच्यावर छत्तीसगडची भूमी उतरवायची आहे.

त्यासाठी महागड्या वस्तूंची गरज नसते. थर्मोकोल, प्लास्टर ऑफ पॅरिस, पुठ्ठा, लाकडाचा भुसा, जुना स्पंज आणि चहाचा वाळवलेला चोथा एवढ्यावर पुष्कळ काम होते. भुसा रंगवला की गवत होते. स्पंजाचे बारीक तुकडे तारेच्या फांद्यांना चिकटवले की झाड होते. वाळलेला चोथा पसरला, तर ओली काळी जमीन दिसते. रुळांखालची खडी मात्र चाळून, बारीक एकसारखी घ्यावी. कारण प्रमाण तिलाही चुकत नाही. हाताला वाळूचा कण वाटणारा दगड 1 : 87 मध्ये मुठीएवढा असतो.

सामान मिळते, पण पाहण्याची दृष्टी कमवावी लागते. आपण रोज झाडे पाहतो. तरीही झाड हिरवे असते, यापलीकडे आपल्याला फारसे सांगता येत नाही. प्रतिकृती करू लागलेला माणूस रायपूरहून अभनपूरला जाताना निराळ्या नजरेने खिडकीबाहेर पाहतो. धानाच्या बांध्या चौकोनी नसून उताराप्रमाणे वाकड्यातिकड्या आहेत. बांधावर बाभळी आहेत. कवेलूंच्या छपरावर नवी आणि जुनी कवेलू एका रंगाची नाहीत. आषाढातला हिरवा रंग आणि कार्तिकातला पिवळा रंग यांत पिकाची सगळी कहाणी आहे. म्हणून प्रतिकृती करताना आधी ऋतू ठरवावा लागतो. धान कापणीला आले असेल, तर तळ्याचे पाणी किती खाली गेले असेल, याचाही विचार करावा लागतो.

नव्या इमारतीला मुद्दाम जुने करण्याची कलाही यात आहे. फिकट काळा रंग पाण्यात पातळ करून भिंतीवर सोडायचा आणि पुसून घ्यायचा. तो कोपऱ्यांत, फटींत उरतो. पागोळ्यांखाली भिंतीवर पडलेले ओघळ, इंजिनाच्या छतावरची काजळी, फलाटाची झिजलेली कड हे सारे रंगवून झाले, की पुठ्ठ्याचे घर अचानक राहते घर वाटू लागते.

7. इतिहासाचा शोध

पण मूळ स्थानक आता जसेच्या तसे उरलेले नसेल, तर मापे कोठून आणायची? येथे छंदवेत्त्याला इतिहासकार व्हावे लागते. जुनी छायाचित्रे, जुनी वेळापत्रके, जुने नकाशे हे त्याचे पहिले आधार. छायाचित्रात भिंतीची उंची लिहिलेली नसते. परंतु विटा मोजता येतात. त्या काळची एखादी वीट परिसरात सापडली, की तिची जाडी मोजून थरांच्या संख्येने गुणायचे. दरवाजाशेजारी उभा असलेला माणूसही मापाची काठी ठरतो.

दुसरा आधार म्हणजे माणसे. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. अशा घरांत, तसेच मार्गाकाठच्या छत्तीसगढी खेड्यांत, या गाडीने प्रवास केलेली वडीलधारी मंडळी अजून आहेत. त्यांना नुसते 'गाडी कशी होती?' असे विचारले, तर 'फार छान होती' एवढेच उत्तर मिळते. पण अर्धवट तयार झालेले स्थानक त्यांच्यापुढे ठेवा. मग एखाद्या आजोबांचे बोट आपोआप पुढे येईल : 'इथे नाही, पलीकडच्या अंगाला होता नळ.' आजी सांगतील, की बायका फलाटाच्या कोणत्या टोकाला उभ्या राहत. दोघांचे म्हणणे जुळले नाही, तर तिसऱ्याला विचारावे आणि छायाचित्राशी ताडून पाहावे. जे भाषणातून निघत नाही, ते लहानशा पुठ्ठ्याच्या इमारतीपुढे बोलले जाते. हे बोलणे तारखेसह वहीत टिपून ठेवले, तर प्रतिकृतीइतकीच ती वहीही मोलाची ठरते.

8. गाडी चालवण्याचा आनंद

सर्व काही तयार झाल्यावर गाडी नुसती गोल गोल फिरवली, तर पंधरा मिनिटांत कंटाळा येतो. जाणते छंदवेत्ते वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवतात. एक जण रायपूरचा स्टेशनमास्तर होतो, दुसरा अभनपूरचा, तिसरा राजिमचा. घड्याळाची दहा मिनिटे म्हणजे एक तास, असे ठरवले की सकाळपासून रात्रीपर्यंतचा सारा दिवस एका संध्याकाळी घडतो.

मार्ग एकेरी असेल, तर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून टोकन ठेवतात. ज्याच्या हाती त्या टप्प्याचे टोकन, त्यानेच गाडी पुढे न्यायची. खऱ्या रेल्वेत एकेरी मार्गावर याच तत्त्वाने सुरक्षितता राखली गेली आहे. धमतरीची गाडी उशिरा आली, तर राजिमच्या गाडीने जोडणीसाठी थांबायचे की निघायचे, याचा निर्णय अभनपूरच्या मास्तरने घ्यायचा. एकाची चूक तिघांना थांबवते आणि एकाची तत्परता तिघांना सावरते. एकट्याने महिनोन्महिने केलेले काम येथे चारचौघांचे होते.

9. समाधान आणि मर्यादा

या छंदाच्या अडचणी लपवण्याचे कारण नाही. विदेशी इंजिने महाग असतात. घरात धूळ येते, जागा अपुरी पडते, लहान मुलांचे हात गाडीला लागतात. म्हणून आरंभ पुठ्ठ्यापासून करावा. न चालणारी, केवळ मांडून ठेवायची एक खोली, एक डबा किंवा एक फाटक प्रमाणात तयार करावे. कात्री, पट्टी, गोंद आणि रंग एवढीच सामग्री पुरते. ते जमले, की पुढचे पाऊल टाकावे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? पहिले कारण असे, की येथे चूक सुधारता येते. रूळ वाकडा बसला, तर उखडून पुन्हा बसवता येतो; कोणी गुण कापत नाही. दुसरे कारण असे, की हातांचे आणि बुद्धीचे काम येथे वेगळे राहत नाही. सुताराला भूमिती लागते आणि गणित जाणणाऱ्याला करवत धरावी लागते. शाळा लवकर सुटलेल्या अनेकांच्या हातांत असे कौशल्य असते. त्या कौशल्याच्या पोटी किती विद्या दडलेली आहे, हे अशा छंदातून त्यांचे त्यांनाच कळते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. एखादी गोष्ट लहान रूपात खरी करायची, तर आधी ती पूर्णपणे पाहावी लागते. आणि जे आपण पूर्णपणे पाहिले, ते आपल्याकडून सहसा विसरले जात नाही.

धमतरीची छोटी गाडी आता जुन्या रुळांवरून येणार नाही. पण एखाद्या घरी, दिवे मंद केल्यावर, फळीवरच्या अभनपूरच्या फलाटाशी ती येऊन थांबेल. तिथे दोन सेंटिमीटर उंचीची माणसे उभी असतील. पाण्याचा नळ आजोबांनी सांगितलेल्या बाजूलाच असेल. ज्या नातवाने ती गाडी कधीच पाहिली नाही, तो विचारील, 'ही कुठे जाते?' आणि त्याला उत्तर देणारे कोणी तरी तेथे असेल.

तुम्ही काय शिकलात

• प्रतिकृती रेल्वेच्या छंदात गणित, सुतारकाम, विद्युतज्ञान, चित्रकला आणि इतिहास यांचा संगम होतो.
• 1 : 87 या प्रमाणात रायपूर-धमतरी मार्गासारखा 762 मिलिमीटरचा छोटा मार्ग कमी जागेत बसतो.
• बारकाईने पाहणे, दोष क्रमाने शोधणे आणि सहकार्याने काम करणे, ही या छंदाची देणगी आहे.
• बदल स्वीकारतानाही जुन्या गोष्टींची अचूक नोंद ठेवता येते.

शब्दार्थ

प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी हुबेहूब केलेली वस्तू
त्रिज्या – वर्तुळाच्या मध्यापासून परिघापर्यंतचे अंतर
बांधी – बांध घातलेले धानाचे शेत
कवेलू – छपरावर घालायचे मातीचे कौल
पागोळ्या – छपराच्या कडेवरून पडणाऱ्या पाण्याच्या धारा
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
नमते घेणे – माघार घेणे

पाठान्त प्रश्न

1. छोट्या मार्गाची प्रतिकृती लहान घरात करणे सोपे का असते? मापांच्या आधारे स्पष्ट करा.
2. 'बिघाड शोधणे ही या छंदातील खरी शाळा आहे', या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
3. वडीलधाऱ्या माणसांकडून माहिती मिळवताना अर्धवट तयार झालेली प्रतिकृती कशी उपयोगी पडते?
4. जुना रेल्वेमार्ग बंद होणे योग्य की अयोग्य? दोन्ही बाजू मांडून आठ ते दहा ओळी लिहा.

उपक्रम

तुमच्या घराच्या एका खोलीची लांबी, रुंदी व उंची मोजा. प्रत्येक माप 87 ने भागा आणि पुठ्ठ्याची तेवढी खोली तयार करा. तुमच्या गावातील आता नसलेल्या एखाद्या वास्तूविषयी दोन वडीलधाऱ्या माणसांना विचारा आणि त्यांच्या सांगण्यातील साम्य व फरक वहीत नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

1. (अ) अभनपूर. (आ) रुळांचे तुकडे ठरावीक मापाचे असल्याने नवे तुकडे जुन्यांना जोडता येत. (इ) प्रतिकृती एका विशिष्ट गाडीशी इमान राखते आणि तिचे सर्व भाग एकाच पटीने लहान केलेले असतात.
2. (अ) 'एन' प्रमाणासाठीचे 9 मिलिमीटर अंतराचे रूळ. (आ) वळसा पूर्ण होताच डावा रूळ उजव्या रुळाला मिळतो आणि दोन्ही ध्रुव एकत्र येतात.